फासळीवरचा पत्ता

धाकट्या बहिणीच्या पत्राला मी पाच आठवडे उत्तर दिलं नव्हतं. लिहिलं मात्र बारा वेळा होतं. पहिलं उत्तर तिच्याच पाकिटाच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं, वाचलं, लाज वाटली आणि फाडून टाकलं. त्याबरोबर पाकीटही गेलं आणि त्यावरचा तिचा पत्ताही. हे पुढे नडलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तिचे कान चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून आमच्यात फोन नाही, पत्रंच. मेहुणे वारल्यावर तिला घर सोडावं लागलं आणि ती दुसऱ्या गावी एका मैत्रिणीकडे जाऊन राहिली. आता ती मैत्रीणच मुलाकडे कायमची निघाली होती. धाकटीनं एका कागदावर, पाठपोट, निळ्या शाईनं लिहिलं होतं: ‘दादा, स्पष्ट विचारते. मी तुझ्याकडे राहायला येऊ का? तीस तारखेला इथलं घर रिकामं करायचं आहे. तोवर तुझं पत्र आलं नाही तर तेच उत्तर समजेन आणि वृद्धाश्रमात नाव घालीन. राग मानणार नाही. तू असाच आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे.’ तिथून आलेलं हे पहिलंच पत्र, म्हणून खाली मैत्रिणीच्या घराचा पत्ता होता. तो मी एकदाच पाहिला. पुस्तकांतली पानंच्या पानं मला पाठ आहेत, पण बहिणीच्या घराचा नंबर नाही. माणसाची परीक्षा अशाच ठिकाणी होत असावी.

ती नको होती असं मुळीच नाही. मला माझीच खात्री नव्हती. वय एकाहत्तर, लग्न केलं नाही, दोन खोल्या, त्यातल्या एका खोलीतल्या पलंगावर पुस्तकंच झोपतात. सकाळी उठल्यावर समोर माणूस असेल तर त्याच्याशी काय बोलायचं असतं, हे मला ठाऊक नाही. बोललो तरी तिला ऐकू येणार नाही, हेही माझ्या लक्षात आलं होतं. त्यानं धीर आला, आणि धीर आल्याची शरम वाटली. असा मी प्रत्येक मसुद्यात पुढे-मागे होत राहिलो.

चोवीस तारखेला मात्र बारावं उत्तर, चार पानी, माझ्या खिशात होतं. पाकिटाला तिकीट लावलेलं, वर धाकटीचं नाव. फक्त पत्ता उतरवायचा राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून टपालखात्याला चार दिवस सुट्टी. आमच्या वाचनालयाच्या फाटकाशी जी टपालपेटी आहे ती सव्वाचारला उघडतात. त्या थैलीतली पत्रं रात्रीच्या गाडीनं जातात आणि सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या वाटपात, एकोणतीसला, लोकांच्या हातात पडतात. त्यानंतर टाकलेलं पत्र तीस तारीख उलटल्यावर पोचलं असतं.

मी पुस्तकं बांधतो. नोकरीतून सुटून अकरा वर्षं झाली, तरी आठवड्यातून तीन दिवस वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून फाटकी पुस्तकं दुरुस्त करतो. धाकटीचं पत्र मी तिथेच, शिवायला आलेल्या जाडजूड शब्दकोशात ठेवलं होतं. घरी ठेवलं की दिवसभर माझ्याकडे बघत बसल्यासारखं वाटायचं. दुपारी अडीच वाजता मी शब्दकोश उघडला.

पत्र नव्हतं.

पानं उलटली. कोश उलटा धरून झटकला. टेबलाखाली पाहिलं. मग आदल्या दिवशीची दुपार आठवली.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्या बालविभागात मुलांकडून कागदाची भुतं करून घेतात. वटवाघळं, हडळी, सापळे, पडकी घरं. चार वाजता पालक येतात, दिवे मालवतात, सगळे हौसेनं घाबरतात आणि मुलं आपापली भुतं घरी नेतात. त्यासाठी तेवीस तारखेला ग्रंथपालबाई माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “काका, वाया गेलेले कागद द्या हं. कोऱ्या कागदांना वरून मंजुरी नाही, आणि तेवीस मुलांना तेवीस भुतं हवीत.”

कागदाला एक दिशा असते. त्या दिशेनं घडी घातली तर ती सुरीसारखी पडते, आडवी घातली तर कागद तडकतो. वटवाघळाला पंख्यासारख्या घड्या लागतात, म्हणून मी जुने कागद उभ्या दिशेचे वेगळे, आडव्या दिशेचे वेगळे असे दोन ढीग केले. त्यासाठी मला बघावं लागत नाही. कागद दोन बोटांत धरून किंचित वाकवला की कळतं. डोळे समोरच्या पुस्तकात होते, हात कागद निवडत होते. शब्दकोशातून एक कागद डोकावत असणार. बोटांनी तो ओढला, वाकवला, चांगला घट्ट आहे म्हणून पसंत केला आणि ढिगात टाकला. पन्नास वर्षांत हात असे कधी चुकले नव्हते. खरं तर तेव्हाही चुकले नाहीत. कागद त्यांनी बरोबर ओळखला, पत्र ओळखणं त्यांचं काम नव्हतं.

मी बालविभागाचं दार उघडलं.

मुलांची मला भीती वाटते. ती मोठ्या माणसांसारखी नजर फिरवत नाहीत. माझ्या अंगाला सदा खळीचा वास येतो म्हणून ती मला डिंकआजोबा म्हणतात. आत तीन लांब टेबलं होती, कात्र्या, खळीच्या वाट्या, काळ्या रंगाच्या बाटल्या. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वटवाघळं लटकत होती. अर्ध्याहून अधिक काळी रंगवून झाली होती. त्या काळ्या पंखांखाली निळी शाई असेल तर ती गेली.

“डिंकआजोबा, माझ्या भुताला पाय काढू का?”

“भुताला पाय नसतात, गाढवा,” शेजारचा मुलगा म्हणाला.

“मग ते चप्पल कुठे घालतं?” पहिल्यानं मलाच विचारलं.

“बघू,” मी म्हणालो. मी टेबलांमधून चालू लागलो, हात पाठीमागे बांधून, काम तपासायला आल्यासारखा. एकाही मुलाला सरळ विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर बाईंना कळलं असतं, बाईंनी सगळ्यांना ‘थांबा’ म्हटलं असतं, आणि तेवीस मुलं माझ्याकडे बघत राहिली असती. पाच आठवडे ज्या भित्रेपणानं मला अडवलं, तो अजून माझ्यासोबत टेबलांमधून फिरत होता.

पावणेतीन वाजता मला पहिला तुकडा दिसला. दोन जुळे भाऊ मिळून एक भूत करत होते. त्याच्या झग्याच्या काठावर निळ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘राग मानणार नाही’.

“हा कागद,” मी बोट दाखवून म्हणालो. “हा कागद कुठे मिळाला?”

“ढिगात,” एक जुळा म्हणाला.

“बाकीचा?”

“वरच्या भागाची वटवाघळं केली. ती काय, काळी झाली. खालचा मोठा तुकडा वकीलबाईनं घेतला. आम्ही आधी धरला होता, पण तिनं भांडून घेतला.”

पत्ता खाली होता. माझा जीव किंचित खाली बसला आणि लगेच पुन्हा वर आला, कारण वकीलबाई म्हणजे ती. वय वर्षं नऊ. पुस्तक उशिरा परत केलं तरी उशीर का झाला नाही हे सिद्ध करणारी. हे नाव तिला ग्रंथपालबाईंनीच दिलं होतं, हात टेकल्यावर.

ती खिडकीशी बसून सापळा करत होती. काळ्या रंगवलेल्या पुठ्ठ्याचा कणा, वर कवटी आणि मधे आठ फासळ्या. त्या फासळ्या म्हणजे कागदाच्या पट्ट्या होत्या. बाहेरच्या अंगाला गोल वळवून दोन्ही टोकं कण्यावर चिकटवलेली. पट्ट्यांच्या आत-बाहेर निळी शाई दिसत होती.

“वकीलबाई,” मी म्हणालो, “तुझ्या सापळ्याची एक फासळी वाकडी बसली आहे. दे, नीट करून देतो.”

तिनं सापळा छातीशी धरला. “कुठली?”

“खालून दुसरी.”

“ती मुद्दाम वाकडी आहे. हा माणूस जिन्यावरून पडून मेलाय.”

“मग कवटी तरी जरा—”

“डिंकआजोबा, तुमचे कान लाल झालेत.” ती माझ्याकडे रोखून बघत होती. “माझ्या बाबांचेही होतात. मग आई म्हणते, आता खरं काय ते सांगा.”

मी तिच्या समोरच्या छोट्या खुर्चीवर बसलो. गुडघे हनुवटीला लागले. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होते.

“त्या फासळ्या माझ्या बहिणीच्या पत्राच्या आहेत,” मी म्हणालो.

“पत्राच्या आहेत हे माहितेय मला.”

“माहितेय?”

“अक्षर दिसतंय की. पण ढिगात तुम्हीच ठेवलं होतं. आम्हाला वाटलं, नकोय म्हणून दिलं असेल.”

बोटांचा दोष, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. पण बोटांना मोकळीक कोणी दिली होती?

जुळे तोवर भुतासकट आमच्याजवळ येऊन उभे होते. “काय लिहिलंय त्यात?” एकानं विचारलं.

“तिला माझ्याकडे राहायला यायचंय. येऊ का, असं विचारलंय.”

“मग तुम्ही काय सांगितलं?” वकीलबाई म्हणाली.

“अजून काही नाही. आज सांगणार आहे. पण पत्ता त्या फासळ्यांवर आहे आणि टपालवाला सव्वाचारला येतो.”

“पत्र कधी आलं होतं?”

“पाच आठवडे झाले.”

“बापरे!” जुळा म्हणाला. “आम्ही दोन दिवस गृहपाठ दिला नाही तर बाई पालकांना बोलावतात.”

“यांच्या पालकांना कुठून बोलावणार?” दुसरा म्हणाला.

वकीलबाई हसली नाही. तिनं सापळा टेबलावर ठेवला, पण हात त्याच्यावरच ठेवला. “काढला तर माझा सापळा मोडणार. चारला माझी आई येणार. मी तिला सांगितलंय, सगळ्यात भारी माझाच आहे.”

“मी नव्या फासळ्या देईन.”

“कोऱ्या नकोत. लिहिलेल्याच हव्यात. लिहिलेल्या जास्त भयानक दिसतात, जवळ जाऊन वाचावंसं वाटतं.”

“लिहिलेल्या देईन.”

“नक्की?”

“नक्की,” मी म्हणालो. कुठून देणार ते मला त्या वेळी माहीत नव्हतं.

मागच्या खोलीत मी सापळा टेबलावर आडवा ठेवला आणि दिवा जवळ ओढला. तिन्ही मुलं माझ्या कोपराला चिकटून उभी राहिली. फासळ्यांच्या आत डोकावून एकेक पट्टी वाचली. सहावीवर गावाचं नाव होतं, ते मला ठाऊकच होतं. आठवीवर मैत्रिणीचं नुसतं पहिलं नाव. आणि सातवीवर, म्हणजे खालून दुसरीवर, जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या त्या वाकड्या फासळीवर: ‘गिरणीमागची गल्ली, घर क्रमांक २’. दोननंतर पट्टी वळून कण्याला चिकटली होती. पुढचा आकडा खळीखाली होता.

“ओढा ना,” जुळा म्हणाला.

“ओढलं तर आकडा कण्यावरच राहील. कागदाचा वरचा पापुद्रा सुटून येतो.”

“मग भिजवा.”

“भिजवलं तर शाई पसरेल.”

“मग आता?”

आता माझं काम होतं, आणि त्यात मी भीत नाही. गव्हाच्या पिठाची खळ वापरायचा हट्ट माझाच होता. बाईंनी ट्यूबमधला डिंक आणला होता, तो मी परत करायला लावला होता. तो असता तर सगळं तिथेच संपलं असतं. खळ ओल लागली की सुटते. पत्राला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, ओल मागून द्यायची, पुठ्ठ्याच्या पाठीकडून, हळूहळू. पुठ्ठ्यातून ती खळीपर्यंत झिरपते, खळ मऊ होते आणि शाईपर्यंत ओल पोचायच्या आत पट्टी उचलायची. अशी कितीतरी जुनी पानं मी सोडवली आहेत.

कापसाचा बोळा ओला करून पिळला आणि कण्याच्या पाठीवर दाबून धरला. घड्याळात सव्वातीन.

“किती वेळ?” वकीलबाईनं विचारलं.

“वीस मिनिटं.”

“आणि लवकर काढलं तर?”

“फाटेल.”

“आणि उशिरा?”

“शाई जाईल.”

“मग मी घड्याळ बघते. तुम्ही नुसतं धरा.”

बाहेर मुलांचा कल्ला चालला होता, कोणीतरी हडळीला मिश्या काढल्या म्हणून तक्रार करत होतं. मी बोळा बदलला. मान ताठ झाली होती. मनात वेगळंच येत होतं: आकडा मिळाला तर पत्र टाकावं लागेल.

“वीस झाली,” वकीलबाई म्हणाली.

मी हाडाची चपटी पट्टी फासळीच्या टोकाखाली सरकवली. खळ सुटली होती. टोक हलकेच वर आलं, फाटलं नाही. माझ्या तोंडून समाधानाचा आवाज निघाला असावा. मग मी ते उलटं करून दिव्याखाली धरलं.

काळं.

पत्राची शाई जागच्या जागी होती. मी फक्त तिचाच विचार केला होता. पण पुठ्ठा मुलांनी काळ्या रंगानं रंगवला होता, आणि तो रंग पाण्यात विरघळणारा होता. मी मागून दिलेली ओल तो रंग घेऊन पुढे आली होती आणि आकड्यावर बसली होती. पन्नास वर्षं पुस्तकं बांधलेल्या माणसानं ही चूक केली. नवख्यानं सरळ ओढून काढलं असतं तर कदाचित आकडा अर्धा तरी राहिला असता.

वकीलबाईनं पट्टी घेऊन खिडकीच्या काचेला लावली. उजेडात काळ्या डागाच्या आत आणखी काळं काहीतरी दिसत होतं. वर गोल डोकं, खाली एक शेपूट.

“एक असेल,” ती म्हणाली. “नाहीतर नऊ.”

“एकवीस किंवा एकोणतीस.” मी तिच्याकडे पाहिलं. “चिकटवताना तू वाचलं असशील ना?”

“वाचलं होतं.” तिनं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. “नाही आठवत. उगाच एक सांगू का?”

“नको.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आता दोष माझा नव्हता, काळ्या रंगाचा होता. मी प्रयत्न केला होता, साक्षीदारही होते. सुट्टीनंतर चौकशी करू, मैत्रिणीचा मुलगा कुठे असतो ते शोधू, असं मन भराभर मांडू लागलं. मी खुर्चीत मागे टेकलो. “राहू दे आता,” मी म्हणालो. “तुम्ही खूप मदत केलीत.”

“राहू दे काय?” वकीलबाई म्हणाली. “दोन्हीकडे पाठवा.”

“काय?”

“एकवीसलाही पाठवा आणि एकोणतीसलाही. त्यात काय एवढं?”

तेवढ्यात बाई दारात आल्या. “काका, इथे काय शस्त्रक्रिया चाललीय? चारला दहा कमी आहेत, पालक यायला लागलेत.” मुलांनी एकाच वेळी बोलून त्यांना सगळं सांगितलं. मी खाली बघत राहिलो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग नुसतं “काका!” म्हणाल्या. त्यात रागावणं होतं की दुसरं काही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

“एकाच पाकिटावर दोन्ही नंबर लिहिले तर?” मी विचारलं.

“तसं पाकीट परत येतं. गेल्या वर्षी आपलीच तीन आली होती, पत्ता संदिग्ध म्हणून. दोनच करा. तिकीट माझ्या खणात आहे एक.” त्या वळल्या. “चारला मी दिवे मालवते. तुम्हाला फाटकाकडे जायचं तर बालविभागातूनच जावं लागेल, आणि तिथे गर्दी असणार. लवकर उरका.”

मी खिशातलं पाकीट फोडलं. चार पानं. त्यांची नक्कल करायला मला तासभर लागला असता. काहीतरी गाळून छोटं करावं म्हणून वाचू लागलो. पहिल्या पानावर हवा, तब्येत आणि उशिराबद्दल क्षमा. दुसऱ्यावर दोन खोल्यांची लांबी-रुंदी. तिसऱ्यावर, तिला गैरसोय होईल अशी मला वाटणारी भीती. चौथ्यावर, निर्णय तिनंच सर्व बाजूंनी विचार करून घ्यावा, अशी विनंती.

वकीलबाई माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती मुकाट्यानं चौथ्या पानाच्या शेवटापर्यंत आली आणि म्हणाली, “आजोबा, यात उत्तर कुठल्या पानावर आहे?”

मी पुन्हा पाहिलं. नव्हतं.

चार पानं उचलून मी तिच्या हातात दिली. “या तुझ्या फासळ्या. लिहिलेल्या. उभ्या काप, म्हणजे छान वळतील.”

तिनं पानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सगळी?”

“सगळी.”

कोरा कागद घेतला. बारा मसुदे लिहिणाऱ्या माणसाला तेराव्यासाठी वेळच उरला नव्हता, हे बरं झालं. लिहिलं: ‘धाकटे, ये. तीसच्या आत ये. पलंगावरची पुस्तकं आज खाली काढतो. दादा.’ मग तेच दुसऱ्या कागदावर. दुसऱ्यांदा लिहिताना ते सोपं गेलं. दोन्हींच्या खाली, चुकीच्या घरासाठी, एक ओळ टाकली: ‘हे पत्र आपलं नसेल तर क्षमा असावी, आणि गल्लीत ऐकू न येणाऱ्या पाहुण्या बाई असतील त्यांच्या हातात द्यावं.’

“चुकीच्या घरातलेच सामान घेऊन आले तर?” जुळ्यानं विचारलं.

“मग दुसऱ्या खोलीतलीही पुस्तकं काढावी लागतील,” मी म्हणालो. तिघंही हसली. याआधी कधी मुलांना हसवल्याचं मला आठवत नाही.

पाकीट एकच होतं, तेही फोडलेलं. त्याचं तोंड खळीनं पुन्हा बंद केलं. दुसरं करायला हाताशी फक्त काळा कागद होता. चार घड्या, दोन काप, काठावर खळ. पाकीट मला झोपेतही करता येतं. त्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवून पत्ता लिहिला. बाईंच्या खणातलं तिकीट जुळ्यांनी आणून लावलं आणि मी नको म्हणायच्या आत मागच्या बाजूला एक छोटं वटवाघूळही डकवलं, मोहर म्हणून. चार वाजून नऊ मिनिटं.

दार उघडलं तर समोर अंधार. पडदे ओढलेले, दिवे बंद, कुठेतरी एक हातदिवा जमिनीवरून वर मारलेला. दोरीवरच्या भुतांच्या सावल्या छतावर चढल्या होत्या. पालकांनी खोली गच्च भरली होती, खांद्याला खांदा. पलीकडचं दार पंधरा-वीस पावलांवर असेल. मी उंबऱ्यावर थांबलो. गर्दीत मला नेहमी वाटतं की माझ्यामुळे कोणाची तरी अडचण होते आहे, म्हणून मी सगळे जाईपर्यंत थांबतो. आयुष्यात बहुतेक ठिकाणी मी सगळे जाईपर्यंतच थांबलो आहे.

“आजोबा,” मागून वकीलबाई कुजबुजली, “चार वाजून बारा झाली.”

मी आत शिरलो. पहिलं वटवाघूळ कपाळाला लागलं. “अहो, जरा—” मी म्हणालो, पण ते मलाही ऐकू आलं नाही. कोणी हललं नाही. पुढे एक रुंद पाठ होती, तिच्या पलीकडे आणखी पाठी. कागदाचं काहीतरी गालावरून सरकलं. हातदिव्याच्या उजेडात ते जुळ्यांचं भूत होतं, आणि त्याच्या काठावर माझ्या बहिणीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, राग मानणार नाही.

“वाट द्या!” मी ओरडलो.

तो आवाज माझा होता यावर माझा विश्वास बसेना. पुढची बाई किंचाळली, तिच्या शेजारचा माणूस दचकून बाजूला झाला, एक लहान मूल रडू लागलं. मी काळं पाकीट समोर धरून ओरडत पुढे निघालो, “वाट द्या, बाजूला व्हा, वाट द्या!” आणि खोली दुभंगल्यासारखी झाली. माझ्यामागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मीही कार्यक्रमाचाच भाग आहे असा त्यांचा समज झाला होता. मी थांबून खुलासा केला नाही.

बाहेर ऊन होतं, डोळे दिपले. टपालवाला फाटकाशी पेटीला कुलूप लावत होता. थैली सायकलला टांगून झाली होती.

“थांबा!” हाक मारायला आता काहीच वाटलं नाही. “दोन आहेत.”

त्यानं माझ्या हातातली पाकिटं घेतली. पांढरं पाहिलं, मग काळं. उलटून वटवाघूळ पाहिलं. चेहरा पडला. “काळं पाकीट? काका, घरी कोणी गेलं का?”

“नाही,” मी म्हणालो. मला धाप लागली होती. “बहीण येतेय.”

“एकच नाव दिसतंय दोन्हीवर. गल्लीही एकच.”

“हो. दोन्ही जाऊ देत.”

त्यानं खांदे उडवले, दोन्ही पाकिटं थैलीत टाकली, तोंडाची दोरी ओढून गाठ मारली आणि सायकल फाटकाबाहेर काढली.